रंगाऱ्याची पोर

गुलाम रसूल यांचं कोरपन्यात कपडे रंगवायचं दुकान. त्यांना मदत करून त्यांच्या निशातची नखं निळी व्हायची आणि चंद्रपूरच्या कॉलेजातल्या मुली हसायच्या. म्हणून तीन वर्षं ती निघण्याआधी नखं लिंबाने घासायची.

मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या प्रॅक्टिकलला काचपट्टीवरचे जिवाणू जांभळे रंगवून अल्कोहोलने धुवायचे होते. एका जातीचा रंग टिकायला हवा, दुसरीचा उतरायला. पुस्तकात वीस सेकंद लिहिले होते. सगळ्यांनी घड्याळ लावून धुतलं, पण अल्कोहोल जहाल निघालं. झाडून सगळा रंग वाहून गेला.

निशातच्या मायक्रोस्कोपवरून मात्र परीक्षक डोळा काढेचनात.

"किती सेकंद धुतलंस?"

"मोजलं नाई, सर. ओघळणाऱ्या थेंबातला जांभळा संपला, तसा हात थांबवला. अब्बा लुगडं असंच धुतात."

परीक्षकांनी अख्खा वर्ग तिच्या टेबलाशी रांगेत उभा केला. हसणाऱ्या मुलीही वाकून पाहून गेल्या.

संध्याकाळी तिने जांभळी बोटं अब्बांपुढे धरली. "आज लिंबू नाई लावलं, अब्बा."

अब्बांनी ओला अंगठा त्यांवर जोर लावून घासला, मग अंगठा उजेडात धरून पाहिला.

"पक्का आहे," ते म्हणाले.