काचेआडची वज्री

मित्रांनो, मी एक जुनी वज्री आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. मी टाचा घासायची वस्तू. पितळेची, मुठीत मावेल एवढी. माझ्या पाठीवर दोन पोपट आहेत, ते धरण्यासाठी. पोटात बारीक खडे आहेत. घासताना ते खुळखुळतात आणि न्हाणीघरातले कंटाळलेले मूल हसते. तळाला आडव्याउभ्या खरबरीत रेघा आहेत. त्या रेघा हेच माझे खरे काम.

एका ओताऱ्याने मेणाचा साचा करून मला ओतले. तेव्हापासून मी माणसे चेहऱ्यावरून नाही, टाचांवरून ओळखते. शेतातून आलेल्या, उन्हात भेगाळलेल्या, लग्नाआधी घासून गुलाबी केलेल्या अशा कितीतरी टाचा माझ्या ओळखीच्या होत्या. मग घरात नवी भांडी आली आणि मी मोडीत गेले. तिथून एका जर्मन व्यापाऱ्याने मला उचलले. पुढे मी त्याच्या शहरातल्या कलासंग्रहालयात पोहोचले.

ते संग्रहालय एका कापडवाल्या धनिकाने आपली चित्रे शहराला देऊन सुरू केले होते. वरच्या मजल्यावर सोनेरी चौकटींतली चित्रे, खाली लाकडात कोरलेले संत, आणि कोपऱ्यातल्या दालनात आम्ही पूर्वेकडच्या वस्तू. कुणा विद्वानाने मला कानाशी हलवून पाहिले आणि पाटी लिहिली, ‘पूजेची घंटा, पश्चिम भारत’. मला मखमलीवर बसवले. समोरच लाकडी मेरीमाता बाळाला घेऊन उभी होती. तिच्यासमोर घंटा म्हणून मिरवताना मी शरमेने अर्धमेली होई. पण वस्तूला तोंड कुठे असते?

महायुद्धात आम्हा सर्वांना पेंढ्यात गुंडाळून मिठाच्या खाणीत लपवले. वर इमारत जळाली. लोकांनी एकेक वीट साफ करून ती पुन्हा उभारली. काही चित्रे परत आलीच नाहीत, त्यांच्या जागा भिंतीवर मोकळ्या ठेवल्या आहेत. मी मात्र परतले, आणि पाटीही परतली.

यंदा आम्हाला, समोरच्या मेरीमातेसकट, प्रदर्शनासाठी अबुधाबीला आणले. इथे शाळेतली मुले पाहुण्यांना माहिती सांगत. माझ्या पेटीपाशी अवनी उभी असे. दुबईच्या करामा भागात राहणारी, सहावीतली. तिने माझी माहिती तोंडपाठ केली होती. शनिवारी तिचे आजोबा सूर्यकांत तिला ऐकायला आले, सोबत बाबा उपेंद्र.

“धिस इज अ सेक्रेड बेल,” अवनी म्हणाली, “फ्रॉम माय ओन महाराष्ट्रा!” मग सगळ्यांसमोर तिने विचारले, “आजोबा, टेल देम! तुमच्या घरी होती ना अशी?”

मी आजोबांच्या पायांकडे पाहिले. चपलेबाहेर आलेल्या भेगाळ टाचा. ह्या माणसाला मी ठाऊक होते! त्यांनी मला पाहिले, ओठ घट्ट मिटले. मग नातीचा फुललेला चेहरा पाहिला.

“होती तर,” ते म्हणाले, आणि त्यांनी मला हात जोडले.

त्यांचे पाहून आणखी चारपाच जणांनी हात जोडले. एका बाईंनी डोळेही मिटले. मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा वितळून जावेसे वाटले. जिने पायांची सेवा केली, तिच्यापुढे म्हातारी मान लवली होती, आणि तीही खोट्यासाठी.

गर्दी पांगली. आजोबांचे खांदे गदगदत होते.

“व्हाय आर यू लाफिंग?” अवनीने विचारले.

“अगं, वज्री आहे ही. टाचा घासायची.”

“बाबा, हळू बोला!” उपेंद्र इकडेतिकडे पाहत म्हणाला. “झालं ते झालं. खलास.”

अवनीचा चेहरा लालबुंद झाला. “मग तेव्हा का नाही सांगितलं? सगळे नमस्कार करून गेले! आय फील सो स्टुपिड.”

“चारचौघांत तुझी मान खाली जायला नको, म्हणून गं.”

“आता गेलीच ना?”

तेवढ्यात नवा गट आला. त्यात आमच्या संग्रहालयाच्या जर्मन बाई, हानेलोर, होत्या. अवनीने पाटीकडे पाहिले. तिचे डोळे भरले होते. पाटी वाचली असती तर कुणाला काही कळले नसते.

“सॉरी,” ती शेवटी म्हणाली. “पाटीवर चूक आहे. मघाशी मीही तेच सांगितलं. इट्स नॉट अ बेल. इट्स फॉर फीट. आजोबा, दाखवा ना.”

आता आजोबा लाजले. त्यांनी पाय मागे ओढला. “इथं? असले पाय?”

“प्लीज, आजोबा.”

उपेंद्रने खाली पाहिले. मग वाकून त्याने वडिलांना बाकावर बसवले आणि स्वतःच त्यांची चप्पल काढली. आजोबांनी हवेत मूठ धरून टाच घासून दाखवली. आधी कडेने, मग मधे. गटातली मुले हसली, पण टवाळीने नव्हे. हानेलोरबाई गुडघ्यांवर बसून काचेतून माझा तळ पाहत राहिल्या.

“आणि ह्या रेघांना आम्ही नक्षी म्हणत होतो,” त्या हळूच म्हणाल्या.

आता माझी पाटी बदलली आहे. मखमलही काढली आहे. समोरच्या मेरीमातेकडे मी सरळ बघू शकते. तिच्याही बाळाचे पाय उघडेच आहेत, हे इतक्या वर्षांत मी पाहिलेच नव्हते.

मित्रांनो, कुठल्याही टाचेला आता माझी गरज नाही. पण तुमच्या घरात माळ्यावर, फडताळात माझ्यासारखे कुणीतरी पडून असेल. त्याला घासूनपुसून ठेवा, ते बरेच. पण त्याआधी त्याचे काम विचारून घ्या. ज्याला ते ठाऊक आहे, तो आपले पाय लपवून गप्प बसण्याआधी.