गाडीतली सातवी जागा

"तोक्तोसून उस्ताला यादीतून काट," तालाय म्हणाला. तालाय आमच्या सहल-कचेरीचा मालक, माझ्या मुलाच्या वयाचा. "बुरुलताई, पाहुण्यांनी स्पष्ट लिहिलंय, चालतं काम बघायचंय. म्हाताऱ्याचे हात थरथरतात. गेल्या वर्षीचे पाहुणे नुसता चहा पिऊन परत आले."

पानगळीची ही सहल मी अकरा वर्षं आखतेय. सफरचंदं उतरली की इसिक-कुल सरोवराच्या दक्षिण काठानं पाच दिवस. खोगिराचा सांगाडा करणारे, कोमुझ हे तीनतारी वाद्य कोरणारे, लोकरीचे नमदे लाटणाऱ्या बायका. दर वर्षी मी एकेका ठिकाणाला पाऊण तास लिहिते आणि दर वर्षी चहालाच दीड तास जातो. नान मोडल्याशिवाय कोणी उठू देईल तर शपथ! तिसऱ्या दिवशी तोक्तोसून उस्ता; उस्ता म्हणजे मुरलेला कारागीर. तंबूच्या माथ्यावरचं लाकडी कडं ते वाकवतात. माझ्या लग्नातल्या तंबूचं कडं त्यांच्याच हातचं. त्यांना काटायचं माझ्या अगदी जिवावर आलं, पण फोनवर सांगणंही बरं दिसेना. म्हणून गेले.

मी सरळ कार्यशाळेचं दार ढकललं. आत उस्ता नव्हतेच. त्यांची सून केरेमेत लालबुंद सळईनं कड्याला भोकं पाडत होती. मला बघून ती ताडकन उठली.

"अगं, हे तू केलंस?"

"छे! काम थोरल्यांचं. मी आपली हाताखाली." सासऱ्याचं नाव सून घेत नाही, त्यामुळे ती त्यांना 'थोरले'च म्हणते. पण तिच्या दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग होते, ते काय नुसतं हाताखाली राहून पडतात?

उस्ता मागच्या अंगणात कोट घालून, टोपी कानांवर ओढून बसले होते. केरेमेतनं चहा आणला. मी एक घोट घेतला आणि सांगून टाकलं, "उस्ता, तुमचं नाव काढायला सांगितलंय."

त्यांनी नान मोडून माझ्यापुढे ठेवला. "बरोबर सांगितलंय. दोन वर्षांत मी एकही कडं केलेलं नाही. तिचं नाव लिही."

"नको, बाबा!" केरेमेत दारातूनच म्हणाली. "लोक काय म्हणतील!"

"लोकांना कडं करता येतं का? मग म्हणू दे."

"पण पाहुण्यांपुढे काम करेल का ती?" मी विचारलं.

"मी आत असलो तर मुळीच नाही. कामाचा ठोकळा खिडकीकडे तोंड करून आहे. ती बसली की सासऱ्याकडे पाठ होते, आणि सुनेनं ती करायची नसते. मी आत गेलो की ही उठलीच. म्हणून तर दोन वर्षं थंडीवाऱ्यात इथे बसतोय. सून फार वळणाची मिळाली ना मला!" ते हसले.

"मग ठोकळा फिरवा की."

"उजेडाकडे पाठ करून कडं होतं होय? इतकी वर्षं येतेस, एवढी अक्कल नाही आली तुला?"

केरेमेत आत गेल्याचं बघून ते जरा पुढे सरकले. "पाहुणे किती?"

"सहा."

"सातवा मला घाल. चौदा शिष्य केले, त्यातले काही तुमच्याच वाटेवर आहेत, पण एकाचंही दुकान बघितलेलं नाही. ते बोलवायचे, मला इथून सवड नव्हती. आता सवडच सवड आहे."

"चालेल की! तालायला मी बघते. पण उस्ता, तिसऱ्या दिवशी गाडी इथेच यायची. तेव्हा हो?"

"तेव्हा सगळे आत जातील. मी गाडीतच बसेन."

त्यांच्याच दारात, त्यांच्याच कार्यशाळेसमोर ते परक्यासारखे गाडीत बसणार! मी म्हणाले, "असं कसं, उस्ता? तास-दीड तास एकटेच?"

"लिही गं तू."

मी कागद मांडीवर घेतला. तिसऱ्या दिवसापुढे त्यांचं नाव खोडलं, केरेमेतचं लिहिलं. मग खाली पाहुण्यांच्या यादीत सातवं नाव घातलं. उस्ता मान वाकडी करून बघत होते.

"जागा खिडकीची दे," ते म्हणाले. "काच उघडते ना तुमच्या गाडीची? तिचा वाकस लाकडावर कसा पडतोय, ते ऐकू आलं पाहिजे."