चटईवरची आई

रोज सकाळी समुद्रकाठच्या जाकमेल गावातल्या त्या चढाच्या गल्लीत सगळ्यांत आधी जाग यायची ती सिल्फीनाला. नळावर रांग लागायच्या आत चार बादल्या भरायच्या, शेगडीत कोळसे पेटवायचे, मक्याची पेज ढवळायची, मग केतलीन मावशीच्या लेकीला, नाइकाला, उठवून तिच्या वेण्या घालायच्या. मावशी अंथरुणातून बाहेर यायची तेव्हा तिच्या हातात कॉफीचा कप आयता यायचा. सिल्फीना अकरा वर्षांची, नाइका नऊ. एक पॉलिश केलेले बूट घालून शाळेत जायची, दुसरी तिचं दप्तर घेऊन अनवाणी फाटकापर्यंत.

केतलीन वाईट बाई नव्हती, असं गल्लीतलं कुणीही सांगेल. नवरा परदेशी बांधकामावर, ही बाजारात जुन्या कपड्यांचा ढीग मांडून बसायची. घरी हाताखाली एक पोर हवीच. आणि अशी पोर नसलेली घरं त्या गल्लीत होती तरी किती! डोंगरावरच्या गरीब आईने लेक गावातल्या घरी ठेवायची, त्या घराने तिला जेवूखाऊ घालून शाळेत पाठवायचं, बदल्यात तिने घरातलं थोडं बघायचं, अशी ही जुनी रीत. अशा मुलीला तिथे रेस्तावेक म्हणतात. रीतीतलं काम सगळ्या घरांच्या लक्षात राहतं, शाळा तेवढी कशी कोण जाणे विसरायला होते. सिल्फीनाला येऊन चार वर्षं झाली होती.

त्या वर्षी चर्चमागच्या कॉफीच्या जुन्या गोदामात वाचनघर सुरू झालं. राजधानीतली एक संस्था पुस्तकं पाठवायची आणि गावातल्या निवृत्त शिक्षिका ते चालवायच्या. ओदेत बाई त्यांतल्या मुख्य. नियम एकच होता. मूल एकटं यायचं नाही, घरातलं मोठं माणूस बरोबर हवं. दर शनिवारी दोघांनी एका चटईवर बसायचं, एक पुस्तक मिळून वाचायचं, आणि जाताना चार पुस्तकांची पिशवी आठवड्यासाठी घरी न्यायची. पुस्तकं शाळेतल्यासारखी फ्रेंच नव्हेत, तिथल्या बोलीतली, क्रेयोलमधली.

नाइकाने हट्ट धरला. केतलीन कपड्यांच्या घड्या घालत राहिली. तिला अक्षर येत नव्हतं. तिच्या बापाने शाळेत घातलं ते भावांना. ही गोष्ट तिने लेकीपासून आजवर लपवली होती. शाळेचं प्रगतिपुस्तक ती दोन्ही हातांत धरून, भुवया उंचावून बघायची आणि "बरं आहे" म्हणायची.

"मला कुठला वेळ," ती म्हणाली. "सिल्फीनाला घेऊन जा."

पाण्याला सिल्फीना, कोळशाला सिल्फीना, दुकानाला सिल्फीना. तशीच तिने तिला आईच्या जागी बसायलाही पाठवलं. त्यात काही वावगं आहे असं तिच्या मनातही आलं नाही.

तीन-चार महिने गेले. तेवढ्यात ओदेत बाईंनी सिल्फीनाला अक्षरं शिकवली होती. एकदा बाजार लवकर उठला म्हणून केतलीन दुपारीच घरी आली. मागच्या पायरीवर दोघी बसल्या होत्या. सिल्फीनाच्या मांडीवर पुस्तक, नाइकाचं डोकं तिच्या खांद्यावर. सिल्फीना बोट फिरवत वाचत होती आणि गोष्टीतल्या खेकड्याचा आवाज काढत होती. नाइका हसून हसून लोळत होती.

"काय चाललंय?" केतलीनने विचारलं.

"काही नाही," नाइका म्हणाली, आणि हसू गिळलं.

ते 'काही नाही' केतलीनला रात्रीपर्यंत टोचत राहिलं. आपली लेक आपल्यासमोर असं कधी लोळून हसली होती? तिला आठवेना.

मग ते सगळीकडे दिसायला लागलं. बाजारात जाताना नाइकाने औषधांच्या दुकानावरची पाटी घडाघडा वाचली. केतलीनचा ऊर भरून आला. "कुणी गं शिकवलं? शाळेतल्या बाईंनी?" "छे! सिल्फीनाने." गुडघा फुटला तर पोर आईला ओलांडून मोरीत भांडी घासणाऱ्या सिल्फीनाकडे धावली. दोघींचे काही परवलीचे शब्द झाले होते. जेवताना एकीने "खेकडेबुवा" म्हटलं की दुसरीला ठसका लागायचा. केतलीन आपल्याच घरात पाहुणीसारखी बसून राहायची. आपल्या हातातून काहीतरी काढून घेतलं जातंय आणि ते काढून घेणारीच्या अंगावर आपणच दिलेला जुना फ्रॉक आहे, या विचाराने तिचा जळफळाट व्हायचा. पेज पातळ झाली म्हणून, बादली हिंदकळली म्हणून, उगाचच, ती सिल्फीनावर डाफरायला लागली. पोर खाली मान घालून "हो मावशी" म्हणायची. त्या "हो मावशी"चाही तिला राग यायचा.

शेजारच्या इझेलीनने त्या आगीत तेल ओतलं. "काय गं केतलीन, वाचनघरातल्या फळ्यावर यंदाची उत्तम जोडी म्हणून नावं लागलीत म्हणे. नाइका आणि सिल्फीना. तू काय आता लेकीची मोलकरीण का?" आणि तोंडावर हात धरून हसली. इझेलीनच्याही घरी अशीच एक पोर होती, पण तेव्हा तो मुद्दा नव्हता.

पुढच्या शनिवारी केतलीनने रविवारचा निळा झगा घातला. "आज मी येते," ती म्हणाली. नाइकाने एकदा सिल्फीनाकडे बघितलं. ते बघणंही केतलीनने पाहिलं.

गोदामात पंधरा-वीस चटया होत्या. ओदेत बाईंनी हसून एक पुस्तक हातात दिलं. चित्रात टोपी घातलेला खेकडा होता. केतलीनने घसा खाकरला. तिने बाजारात हजार गिऱ्हाइकं बोलण्यात गुंडाळली होती, एक खेकडा काय अवघड!

"एक होता खेकडा. तो एकदा बाजारात निघाला, टोपी विकायला..."

"आई," नाइका म्हणाली, "तो बाजारात जात नाहीये."

"मग कुठे जातोय? टोपी तर आहे डोक्यावर."

"त्याची आई हरवलीये. तो तिला शोधायला चाललाय. इथे लिहिलंय ना." मग पोरीने आईच्या तोंडाकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि नऊ वर्षांत जे कळलं नव्हतं ते तिला एका क्षणात कळलं. "राहू दे आई," ती हळूच म्हणाली. "सिल्फीना वाचेल घरी."

आजूबाजूच्या चटयांवरच्या माना वळल्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर केतलीनने सहन केल्या असत्या. पोरीचा तो समजूतदार आवाज तिला सहन झाला नाही.

घरी आल्या आल्या तिने शेगडीजवळचा लाकडी डाव उचलला. काय बोलत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं. "माझी पोर नासवलीस... माझ्या जिवावर खातेस आणि माझीच..." सिल्फीनाने डोक्यावर हात धरले. डाव दंडावर बसला, दोनदा, तीनदा. नाइका किंचाळत मध्ये पडली तेव्हा तो खाली पडला. केतलीनने पुस्तकांची पिशवी कपाटावर फेकली. "आता या घरात कुणी वाचायचं नाही!"

मंगळवारी, बाजार उठल्यावर दिवस कलताना, टॅपटॅप नावाच्या रंगीबेरंगी प्रवासी गाडीच्या टपावर बसून क्लेर्सिया डोंगरावरून उतरली. क्लेर्सिया म्हणजे सिल्फीनाची आई. वर्षातून एकदा, कधी तेही नाही, ती यायची. डोक्यावर टोपली, टोपलीत कंद, दोन नीरफणस, केळीच्या पानात बांधलेली कॉफी. लेकीला सांभाळतात म्हणून या घराला ही भेट. दारात तिने चपला काढल्या आणि आत न येता उंबऱ्याबाहेरच टेकली.

सिल्फीना पाणी घेऊन आली. पेला धरलेला हात वर झाला आणि बाही मागे सरकली.

क्लेर्सियाने पाणी प्यायलं नाही. दंडावरचे काळेनिळे वळ ती बघत राहिली.

"पडली ती," केतलीन म्हणाली.

"आईने मारलं," नाइका म्हणाली. "सिल्फीनाला वाचता येतं म्हणून."

"वाचता येतं?" क्लेर्सियाने लेकीकडे पाहिलं. "शाळेत शिकलीस ना?"

सिल्फीनाने नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात नाइकाने खुर्ची ओढली, कपाटावरून पिशवी खाली काढली आणि खेकड्याचं पुस्तक सिल्फीनाच्या हातात कोंबलं. "वाच ना तुझ्या आईला."

सिल्फीनाने केतलीनकडे बघितलं. केतलीनने मान फिरवली. मग ती उंबऱ्यावर आईला चिकटून बसली आणि वाचायला लागली. आधी आवाज कापत होता. खेकडा खाडीच्या तोंडाशी पोचला, लाटेला आईचा पत्ता विचारू लागला, तेव्हा आवाज स्थिर झाला. क्लेर्सियाला अक्षर येत नव्हतं, पण ती प्रत्येक पानाकडे असं बघत होती की जणू आपलंच नाव कुठेतरी सापडेल. पुस्तक संपलं तरी ती लेकीचा हात सोडेना.

"तुझा फार हेवा वाटायचा मला," ती केतलीनला म्हणाली. आवाजात राग नव्हता. "चार वर्षं. संध्याकाळी चूल पेटवली की वाटायचं, आता माझी पोर त्या बाईच्या पुढ्यात बसली असेल, ती तिच्या वेण्या घालत असेल. तिला ताप आला तर ती त्या बाईला हाक मारेल. शाळेतनं आली की त्या बाईला सांगेल, आज काय शिकले. मला वाटायचं, माझी पोर तुला आई म्हणत असेल. रडू यायचं मला. मग मी म्हणायची, रडू दे, पण पोर तर शिकतेय."

केतलीनने सिल्फीनाच्या विस्कटलेल्या केसांकडे पाहिलं. या पोरीच्या वेण्या आपण एकदाही घातल्या नव्हत्या. आपल्याजवळ काय आहे म्हणून ही बाई चार वर्षं जळत होती, आणि आपल्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. आपणही जळत होतो, आणि कुणावर? आई डोंगरावर राहिलेल्या एका पोरीवर.

"चल, तुझे कपडे घे," क्लेर्सिया उठली.

"थांब," केतलीन पुढे झाली. "तिला राहू दे. मी तिला शाळेत घालते. सोमवारपासून. आईची शपथ."

"हेच म्हणाली होतीस तू," क्लेर्सिया म्हणाली. "इथेच उभी राहून. सोमवारपासून."

तिने टोपली तिथेच ठेवली, कंद, नीरफणस, कॉफी, सगळं. चार वर्षं सांभाळल्याचं देणं ठेवावं लागतं असंच ती मानत होती. नाइका सिल्फीनाच्या कमरेला मिठी मारून हुंदके देत होती. ती सोडवायला दोघी आयांना हात लावावा लागला. पुस्तकांची पिशवी सिल्फीनाने खुर्चीवर व्यवस्थित ठेवली, कारण ती वाचनघराची होती. वर डोंगरावर शाळा नाही हे दारात उभ्या चौघींनाही ठाऊक होतं.

शनिवारी केतलीन नाइकाचा हात धरून वाचनघरात गेली. नाइका चार दिवस तिच्याशी बोलली नव्हती. चटईवर बसण्याआधी केतलीनने ओदेत बाईंना सांगितलं, "बाई, मला वाचता येत नाही. मला पहिल्यापासून शिकवा." मोठ्याने सांगितलं. लाज वाटली, पण तिने आवाज खाली आणला नाही.

आणि मग पहिल्यांदा तिने आजूबाजूला नीट पाहिलं. मागच्या खेपेला ती स्वतःलाच बघत होती. पंधरा-वीस चटया, प्रत्येकीवर बूट घातलेलं एक मूल, आणि आईच्या जागी? पाच-सात बायका, एक आजोबा. बाकी सगळ्या दहा, अकरा, बारा वर्षांच्या पोरी. मापाला मोठे फ्रॉक, अनवाणी पाय, पाण्याच्या बादल्यांनी कडक झालेले तळहात. कोपऱ्यातली ती इझेलीनच्या घरची.

"तुम्हाला हे ठाऊक होतं, बाई?" केतलीनने विचारलं.

"होतं," ओदेत बाई म्हणाल्या. "विचारायला गेले तर घरं त्यांना पाठवायची बंद करतील, म्हणून गप्प बसले. तासभर तरी वाचतात. ही माझी चूक असेल."

पहिला धडा संपवून उशिरा घरी जाताना केतलीन इझेलीनच्या दारात थांबली. इझेलीन तांदूळ निवडत होती.

"तुझ्या घरच्या पोरीला शाळेत कधी घालणार?"

"आली मोठी शहाणी!" इझेलीन फणकारली. "आणि तुझी कुठे गेली गं? पळाली?"

"तिची आई घेऊन गेली."

"का?"

दारात आणखी दोन शेजारणी येऊन उभ्या राहिल्या होत्या. नाइकाने वर मान करून आईकडे पाहिलं. केतलीनला खोटं बोलायला अजून वेळ होता.

"मी तिला शाळेत घालते म्हणून आणली आणि चार वर्षं पाणी भरायला लावलं," ती म्हणाली. "माझ्या पोरीला तिने वाचायला शिकवलं, म्हणून मी तिला मारलं. आता तुझं सांग."

इझेलीनचा हात तांदळात तसाच राहिला. आत मोरीत त्या पोरीचा भांडी घासण्याचा आवाज थांबला होता.