इनायतच्या नावाच्या किल्ल्या

इनायतभाऊ तसा भित्रा माणूस नव्हे. चंद्रपुरात पंधरा वर्षं लॅपटॉप विकले, दुरुस्त केले, गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या आणि वर त्यांनाच चहा पाजला. पण त्या दिवशी अकराच्या सुमारास एटापल्लीहून मयुरीबाईचा फोन आला आणि हा गडी पार घाबरला.

मयुरी तिकडे एका संस्थेत रक्त देणाऱ्यांची यादी सांभाळायची. सहाशे नावं, रक्तगट, गाव, फोन, सगळं इनायतच्याच दुकानातून नेलेल्या एका लॅपटॉपात.

"भाऊ, मोनाली म्हणून पोरगी हाये. बाळंतपणात लई रक्त गेलं तिचं. नऊले गाडीत घालून चंद्रपूरले धाडली. ओ निगेटिव्ह पाह्यजे, अन् तिकडं एक बाटली शिल्लक नाई म्हणते. माह्या यादीत हायेत तसे लोक, पण लॅपटॉपच सुरू होऊन नाई राह्यला."

"काय दिसते पडद्यावर?"

"निळं झालं हाये. रिकव्हरी दाबलं तं ते चालत नाई, अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली मागते. किल्ली नाई तं एकच रस्ता, सगळं पुसून नवं करा. इथी एक जण म्हणते, पुसून टाका, पाच मिनिटात चालू होते."

"त्याचा हात धरून ठेवा पह्यले," इनायत म्हणाला. "पुसलं का यादी गेली. कागदावर नाई का उतरवून ठेवली?"

"रजिस्टर होतं नं. उदई लागली, सारे कागद पोखरले, म्हणूनच तं कंप्यूटरात टाकली. किल्ली कुठी राह्यते, भाऊ?"

किल्ली कुठे राहते हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

आजकालचे लॅपटॉप आपलं कुलूप आपणच लावून घेतात, आणि त्याची किल्ली जाते ज्याच्या मेलवर लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्याच्याकडे. आता जंगलपट्टीतून आलेलं गिऱ्हाईक शेवटची बस धरायच्या घाईत असतं. त्याला मेल विचारा, पासवर्ड विचारा, तो विसरला तर नवा काढून द्या, यात अख्खी दुपार जाते. इनायतनं सोपा उपाय काढला होता. प्रत्येक लॅपटॉप स्वतःच्याच मेलवर सुरू करायचा आणि गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. गिऱ्हाईक खूश, इनायत खूश. असे एकसष्ट लॅपटॉप झाले होते.

एवढ्यावरही निभावलं असतं. पण मागच्या हिवाळ्यात आपल्या मेलच्या खात्यातली लॅपटॉपांची ती लांबलचक यादी त्याच्या डोळ्यांत खुपली, आणि या शहाण्यानं बसल्या बसल्या त्यातली तेवीस यंत्रं काढून टाकली. यंत्राबरोबर त्याची किल्लीही जाते, हे त्याची पोरगी महेक हिनं दोन दिवसांनी सांगितलं. तेव्हा तो हसला होता. कोणाले लागते किल्ली, म्हणाला होता.

"महेक, माझा मेल उघड. लवकर," तो गल्ल्यावर बसलेल्या पोरीला म्हणाला. पासवर्ड त्यानं स्वतःच टाकायला घेतला आणि घाईत दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा महेकनं टाकला.

पडद्यावर अडतीस किल्ल्या आल्या. नावं सगळी एकसारखी, मयुरीचं नाव कुठेच नाही. निळ्या पडद्यावर जो क्रमांक दिसतो, त्याची पहिली आठ अक्षरं जुळली तरच किल्ली आपली.

"वाचा, मयुरीबाई. एकेक अक्षर, सावकाश."

तिनं चार अक्षरं वाचली आणि फोन कटला. इनायतनं लावला, लागला नाही. पुन्हा लावला. तिकडे पोरगी गाडीत रक्त सांडत येते आहे आणि इकडे टॉवर रुसून बसलाय. त्याला एकाएकी वाटलं, ही पोरगी मेली तर मीच मारली. कोणी मला धरायला येणार नाही, कोणाला कळणारही नाही, पण मला कळेल.

"अब्बा, चार अक्षरांवरून नाई सापडून राह्यली," महेक हळूच म्हणाली. "काढून टाकलेल्यात तं नसेल?"

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? "पुन्हा पाह्य. खालून वर पाह्य," तो म्हणाला.

फोन लागला. मयुरी रस्त्यावर येऊन उभी होती, लॅपटॉप कडेवर लेकरासारखा धरून. तिनं आठही अक्षरं वाचली. आधीच्या चारातलं एक अक्षर तिनं घाईत चुकीचं वाचलं होतं. महेकचं बोट खालून सातव्या ओळीवर थांबलं.

"हाये, अब्बा."

इनायतनं अठ्ठेचाळीस आकडे वाचले, सहा-सहाचे आठ तुकडे, प्रत्येक तुकडा दोनदा. मग दोघंही फोन धरून बसले. रिकव्हरी चालू झाली, पडद्यावरचं चाक गोल फिरू लागलं. अकरा मिनिटं फिरत राहिलं. इनायतनं त्या अकरा मिनिटांत जितक्या दुआ मागितल्या तितक्या आयुष्यात मागितल्या नसतील.

"उघडला," मयुरी म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.

यादीत ओ निगेटिव्हचे तीन जण निघाले. एक बाई स्वतःच गरोदर, दुसऱ्याचा फोन बंद. तिसरा वारलू नावाचा गडी, चंद्रपूरपासून तासाभरावर गोंडपिपरीला ट्रक धुवत होता. तो ओल्या कपड्यांनीच मोटारसायकलवर बसला आणि मोनालीच्या गाडीच्या आधी दवाखान्यात पोचला.

साडेचारला मयुरीचा फोन आला. मोनाली वाचली होती. "तुमचे उपकार झाले, भाऊ."

उपकार हा शब्द इनायतला चटका बसावा तसा लागला. कसले उपकार? त्यानं सगळं सांगून टाकलं. स्वतःचा मेल, एकसष्ट लॅपटॉप, काढून टाकलेले तेवीस.

"मंग त्या तेवीस लोकायले सांगतलं का तुमी?" मयुरीनं विचारलं.

त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि जुनी बिलबुकं काढली. कोणाचा लॅपटॉप शाळेत, कोणाचा दवाखान्यात, कोणाचा ग्रामपंचायतीत. यातलं कोणतंही यंत्र आज, उद्या, कधीही निळं होऊ शकत होतं. महेकनं पहिला नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला. पलीकडे रिंग वाजू लागली, आणि कोणी उचलूच नये असं इनायतला फार वाटलं.

"हॅलो, कोण?"

"इनायत बोलून राह्यलो, चंद्रपूरहून. भाऊ, तुमचा लॅपटॉप आत्ता चालू हाये का? असला तं बंद करू नका, चालू हाये तवरच त्याची किल्ली काढून घेता येते. माह्या हातून चूक झाली हाये."