आजऱ्याचा चढ चढलेली मोपेड

मित्रांनो, माझ्या सीटवर बसलात तर आधी शिंकाल! गडहिंग्लजजवळच्या एका गावातली मी म्हातारी मोपेड. नवी होते तेव्हा रंग कसा निळाशार होता! मालक अण्णाप्पांनी पहिल्या दिवशी मला हार घातला आणि दुसऱ्याच दिवशी लाल मिरच्यांचं पोतं लादलं. पुढे किती बाजार केले, त्याला गणतीच नाही. "ही हाय म्हणून माझा धंदा हाय," असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा मला कोण आनंद होई!

मग अण्णाप्पांना साखरेचा आजार जडला. पायात काच घुसली, जखम चिघळली, अंगठा काळा पडू लागला. त्यांनी अंथरूण धरलं. मी गोठ्यात धूळ खात उभी राहिले. माझ्या हँडलवर कोंबड्या झोपू लागल्या.

एके दिवशी त्यांची लेक दानेश्वरी सासरहून आली. पाय बघताच तिने मला बाहेर ओढलं.

"अप्पा, सरकारी विम्याचं कार्ड हाय की! उठा."

पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळालं, "ह्ये कार्ड हितं चालत न्हाय." दुसऱ्या ठिकाणी तर काउंटरवरच्या माणसाने मानही वर केली नाही. अण्णाप्पा माझ्या सीटवर टेकले.

"सोड पोरी. अंगठा गेला तर गेला."

"अंगठ्यावर थांबतंय व्हय? पाय जाईल!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. तिने तिथूनच कार्डावरच्या विमा योजनेच्या मदत क्रमांकावर फोन लावला. आजऱ्यातल्या एका छोट्या इस्पितळाचं नाव कळलं.

वाट चढाची, माणसं दोन आणि माझं इंजिन थकलेलं. अर्ध्या चढावर मी धापा टाकू लागले.

"चल गं बाई, माझ्या अप्पासाठी," दानेश्वरी पुटपुटली.

मित्रांनो, मिरच्यांच्या पोत्यासाठी मी कधी एवढा जोर लावला नव्हता. चढले!

इस्पितळाच्या पायरीशीच मला उभं केलं. डॉक्टरांच्या सहायक पूर्णिमा मॅडम बाहेर आल्या आणि पायरीवरच बसून त्यांनी पाय तपासला.

दानेश्वरीने भीतभीत विचारलं, "मॅडम, कार्ड चालतंय न्हवं?"

"चालतंय की! न चालायला काय झालं? आत चला, डॉक्टरांस्नी दावूया. अजून वेळ गेलेली न्हाय."

दानेश्वरी माझ्या हँडलला धरून रडली आणि रडता रडताच हसली.

शस्त्रक्रिया झाली. अंगठा गेला, पण पाय राहिला! पुढची मलमपट्टी पूर्णिमा मॅडमच करत आणि दर खेपेला तो चढ मी चढत असे.

परवा अण्णाप्पांनी स्वतः मला किक मारली. त्यांच्या पत्नी गंगव्वा दारातून ओरडल्या, "अवं, पाय!"

"माझाच हाय की!" अण्णाप्पा गरजले, आणि पहिल्याच किकला मी सुरू झाले.

मित्रांनो, मला वेळेवर हवा-तेल द्या, एवढंच माझं मागणं. पण घरात साखरेचा आजार असलेल्या माणसाचे पाय मात्र रोज बघा. विम्याचं कार्ड ट्रंकेत पुरून ठेवू नका. एका दारात नाही म्हणाले, तर दुसऱ्या दारात आणखी मोठ्यानं विचारा. तिथवर पोचवायला आम्ही गाड्या आहोतच!