आधी एकानं उतरायचं

"बाबा, चला की आत. दार मिटेल."

लिफ्ट उघडी होती आणि सुरुंगकाकांची चाकांची खुर्ची दाराशीच अडून बसली होती. या भुयारी स्टेशनासाठी कातळात सुरुंग लावणारे ते, म्हणून गल्लीतली पोरं त्यांना सुरुंगकाका म्हणत. त्याच कातळाचा एक तुकडा निसटून दोन्ही पायांवर आला आणि काम तिथंच सुटलं. पुढं स्टेशन सुरू झालं, तेव्हा काका मोठ्या हौसेनं कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. बघतात तर समोर नुसता जिना. चौघं उचलून न्यायला धावले.

"चौघांच्या खांद्यावर एकदाच जाईन. आज नाही," म्हणाले आणि माघारी फिरले. त्यानंतर त्यांनी हा रस्ताच टाकला. आपण पोखरलेली जागा डोळे मिटण्याआधी एकदा बघावी, एवढंच मनात राहून गेलं होतं. आता स्टेशनाला लिफ्ट बसली, तशी लेक त्यांना घेऊन आली होती.

"मध्येच बंद पडली तर?" काकांनी लेकीला विचारलं.

"तर गप्पा मारू. एरवी घरात कुठं तोंड उघडता तुम्ही?"

काकांनी हसू दाबलं आणि स्वतःच्या हातांनी चाकं रेटली. मागून काठी टेकत एक आजी आल्या, बाबागाडी घेऊन एक बाई आली.

लिफ्ट खाली निघाली. पूर्वी काका आणि त्यांचे सोबती दोरावरच्या पाळण्यातून उतरत. तळ लागला की आधी एकानंच उतरायचं, कातळावर हातोडी ठोकायची, आवाज भरीव आला तरच 'या' म्हणायचं. तोवर बाकीच्यांनी पाय खाली टाकायचा नाही. तो एक म्हणजे कायम काकाच.

दार उघडलं. काका बाहेर आले आणि बघतच राहिले. जिथं गुडघाभर चिखलात वाकून उभं राहायचं, तिथं हे एवढं उंच छत, हा उजेड, ही स्वच्छ फरशी. वाऱ्याचा झोत आला आणि मागोमाग अख्खी गाडी भुयारातून बाहेर आली.

"अगं, हे आम्ही केलं," ते हळूच म्हणाले.

लेक मागोमाग निघाली, तसा त्यांनी हात वर केला. "थांब. कुणी उतरू नका."

खुर्ची भिंतीशी नेऊन त्यांनी बोटांच्या पेरांनी दोनदा ठोकलं आणि कान लावला. लेक दाराचं बटण दाबून उभी राहिली. आजींनी पुढं टाकलेली काठी मागं घेतली. बाबागाडीवाल्या बाईनंही गाडी मागं ओढली.

काकांनी वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"या," ते म्हणाले.