अकिलीसची कोरडी टाच

मागच्या अंगणात त्या रविवारी दुपारी एक पितळी घंगाळ होतं, अंघोळीच्या साबणाची एक वडी, हळदीची एक वाटी, एक प्लास्टिकची पट्टी, दोन खुर्च्या, चार मोठी माणसं आणि सात महिन्यांची एक मुलगी. बुडवायला वीर मात्र एकच मिळाला होता, आणि तो एकाहत्तर वर्षांचा होता.

"पायजमा वर घ्या, मोठे बाबा," इरावती म्हणाली.

"ट्रॉयच्या लढाईत मला असं कोणी म्हटलं नसतं," भय्यासाहेब पायजमा वर घेत म्हणाले.

भय्यासाहेब हे इरावतीच्या वडिलांचे थोरले भाऊ. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते जबलपूरच्या मराठी मंडळात ग्रीक आणि रोमन वीरांच्या गोष्टी सांगत. त्या ऐकतच इरावती मोठी झाली; हर्क्युलिसची बारा कामं तिला बाराच्या पाढ्याआधी पाठ होती. पुढे ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, आणि गेल्या महिन्यात अकिलीसची गोष्ट ऐन रंगात आलेली असताना तिने हात वर केला. "अंगाला शस्त्र लागू नये म्हणून आईने टाचेला धरून त्याला नदीत बुडवलं, तर पाणी बोटांच्या फटीतून टाचेपर्यंत गेलंच असेल ना? मग टाच तेवढी कोरडी कशी राहिली?"

सगळं मंडळ हसलं. भय्यासाहेब हसले नाहीत. गोष्ट तिथेच थांबली, त्याच टाचेत शिरायचा राजपुत्र पॅरिसचा बाण धनुष्यावरच राहिला. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की टाच ओली झाली असेल तर अकिलीस खोटा, आणि अकिलीस खोटा तर आपण यापुढे मंडळात एकही गोष्ट सांगणार नाही. आज पुन्हा शेवटचा रविवार होता. कार्यक्रम सहाला होता.

इरावतीला खरं उत्तर हवं होतं. टाच कोरडीच निघावी असंही तिला फार वाटत होतं, आणि प्रयोग करणाऱ्याने असं काही वाटून घ्यायचं नसतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"कोरडी निघू दे गं बाई," मोठी आई, म्हणजे भय्यासाहेबांच्या पत्नी कुमुदताई, म्हणाल्या. "नाहीतर आता रोज यांचा हर्क्युलिस माझ्या स्वयंपाकघरात."

युक्ती घरातलीच होती. शर्टावर पडलेला वरणाचा पिवळा डाग साबण लागताच लाल होतो. म्हणून इरावतीने भय्यासाहेबांचं पाऊल हळदीने माखून वाळवलं आणि घंगाळात साबण कालवला. पाणी पोचेल तिथे लाल, न पोचेल तिथे पिवळं. वीराला उलटा धरणं शक्य नव्हतं, तेव्हा पावलावरच भागवायचं ठरलं. थेटिसचं, म्हणजे अकिलीसच्या आईचं काम मोठ्या आईकडे आलं.

"मी अतुलला नर्मदेत बुडवलं तेव्हा काखांत हात घालून धरलं होतं," टाच पकडत त्या म्हणाल्या. "लेकराला टाचेला धरून कोण बुडवतं जी?"

"म्हणून तुझ्या लेकाला अजून काखेत गुदगुल्या होतात. तेवढीच जागा कच्ची राहिली," भय्यासाहेब म्हणाले.

पाऊल बुडालं, वर आलं, निथळलं. मोठ्या आईने बोटं सोडली. टाचेवर लाल रेघांचं जाळं पसरलं होतं.

भय्यासाहेबांनी वर घेतलेला पायजमा सारखा केला. "गेला अकिलीस," ते हळूच म्हणाले आणि दाराकडे वळले.

"काहून गेला?" मोठी आई कडाडल्या. "किती वर्षं सांगून राहिली, टाचांना मलम लावा! त्या भेगांतून अख्खी नर्मदा वाहून जाईल. अकिलीस तान्हा होता, तुमच्याएवढा नव्हता!"

इरावतीने वाकून पाहिलं. लाल रंग नेमका भेगांमधूनच गेला होता. दोन भेगांच्या मधे पिवळे ठिपके शाबूत होते. नमुनाच चुकीचा घेतला होता.

सगळ्यांच्या माना एकदम एका खुर्चीकडे वळल्या. तिथे अतुलची बायको प्रणोती मांडीवर लेकीला घेऊन बसली होती.

"माझ्या शरयूकडे काहून पाहून राहिले सगळे?"

"एकच पाऊल, वहिनी. साबण अंघोळीचाच आहे, आणि हळद तर तू तिला रोज लावतेस."

"अच्छा! म्हणजे आता माझी पोरगी ग्रीक?" प्रणोतीने लेकीच्या गुबगुबीत टाचेकडे पाहिलं. तिथे एकही भेग नव्हती. "चलो. पण धरणार मी. आई मी आहे."

दारातून भय्यासाहेब पाठमोरेच म्हणाले, "घट्ट धर, प्रणोती. थेटिसला पाण्याची भीती नव्हती. मूल निसटायची होती."

इरावतीने घंगाळ धुऊन नवं पाणी घेतलं, साबण कालवला. शरयूच्या डाव्या पावलाला हळद लावली, ती वाळू दिली. प्रणोतीने टाच चिमटीत पकडली. पाऊल पाण्यात गेलं, शरयूने दुसऱ्या पायाने इरावतीच्या चष्म्यावर पाणी उडवलं आणि खिदळली.

"निथळेपर्यंत बोटं सोडू नकोस."

पाऊल वर आलं. इरावतीने ते टिपून घेतलं, चष्मा पुसला, पट्टी हातात घेतली. प्रणोतीने बोटं सोडली.

"सांग," भय्यासाहेब म्हणाले. त्यांचा एक हात दाराआडच्या खुंटीवरल्या, मंडळात घालायच्या इस्त्रीच्या कुर्त्यावर होता.

इरावतीने पट्टी दोनदा लावून पाहिली.

"पिवळा भाग," ती म्हणाली, "लांबी अकरा मिलिमीटर, रुंदी सात."